तान्ह्यांना धरणारी रखमा

माझी आत्या रखमा केळव्याची. घरच्या वाडीत पानवेली होत्या, पण तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरला माणसांची दाटी झाली, आणि तिथल्या एका खासगी दवाखान्यात ती आया म्हणून लागली. डॉक्टर गळू फोडत, टाके घालत, तेव्हा मूल हलू नये म्हणून धरून ठेवायचं, हे तिचं मुख्य काम. तिची पकड घट्ट होती.

मोठ्या माणसांना डॉक्टर आधी सुन्न करायचं इंजेक्शन देत. तान्ह्यांना नाही. "त्यांच्या नसा कच्च्या असतात, रखमा. घाबरून रडतात ती. आणि लक्षात कुणाच्या राहतंय?" डॉक्टर दुष्ट नव्हते. ते तसंच शिकून आले होते.

सहासष्ट साली मैनाबाईचा वीस दिवसांचा मुलगा आला. नवरा पुंजाराम जालन्याकडचा, बांधकामावर सिमेंट कालवायचा. मुलाच्या मांडीवर लिंबाएवढं गळू. मैनाबाईला बाहेर बसवलं. आत्याने दोन्ही घोटे धरले. सुरी लागली तसं मूल जिवाच्या आकांताने ओरडलं आणि मग एकदम गप्प झालं.

"बघ, झोपला," डॉक्टर म्हणाले.

झोपला नव्हता. डोळे सताड उघडे होते. पायाची बोटं फाकलेली, तळवे घामाने गार. आत्याने अशी मुलं आधीही पाहिली होती. पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की रडणाऱ्यापेक्षा या गप्प मुलालाच जास्त दुखतंय. गळू बरं झालं.

दीड वर्षाने मैनाबाई त्याच मुलाला, नामदेवला, घेऊन आली. कान वाहत होता. आईच्या मांडीवर बसून तो भाकरीचा तुकडा चघळत होता. आत्याने सवयीने घोटा धरला. तुकडा खाली पडला. मूल ताठ झालं, बोटं फाकली, श्वास अडकला. आवाज मात्र नाही.

"कोनी पाय धरला की असाच व्हतो बगा," मैनाबाई म्हणाली. "पायात वाळे सुदीक घालू दिले न्हाईत."

त्या दिवशी आत्या जेवली नाही. माझ्या आईला म्हणाली, "वयनी, तो इसरला नाय. त्याच्या आंगाला ठावं हाय."

आपण किती मुलं धरली, ते तिला आठवेना. बाजारात कडेवरचं एखादं पोर तिला बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसायचं, आणि आत्या रस्ता बदलायची. बायका कुजबुजू लागल्या, हिची नजर वाईट.

पुढच्या उन्हाळ्यात महिन्याची एक मुलगी आली, काखेत गळू. आत्याने हात मागे घेतले.

"आधी सुन्न करा, डाक्टर."

"एवढ्याशा जिवाला औषध जास्त झालं तर पोर जाईल. तू घेतेस जबाबदारी?"

"मी नाय धरनार," आत्या म्हणाली.

"मग उद्यापासून येऊ नकोस." डॉक्टरांनी केर काढणाऱ्या सोजराबाईला हाक मारली.

आत्या ओसरीवर उभी राहिली. आतून किंकाळ्या येत होत्या. मग त्या थांबल्या.

काही महिन्यांनी मैनाबाई तिला शोधत केळव्याला आली. नामदेव ओट्यावरून पडला होता. हाताचं हाड मोडलं होतं, आणि दोन दिवस त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हात सुजून काळा पडला तेव्हा कळलं. "रडलाच न्हाई, बाई. आता मला त्याचंच भ्या वाटतंया."

त्यानंतर आत्या बोईसरला कामगारांच्या खोल्याखोल्यांतून जाऊ लागली. मूठ बघा, बोटं बघा, पोर गप झालं म्हंजे बरं झालं नाय, असं बायकांना सांगायची. सुन्न करायला सांगा, हट्ट धरा. दोघीतिघींनी धरला. डॉक्टरांनी कुरकुरत, थेंब मोजून औषध दिलं. त्या मुलांना काही झालं नाही.

बाकीच्या बायका डॉक्टरांपुढे तोंड उघडत नसत. त्यांची मुलं तशीच टेबलावर जात. आणि सोजराबाईची पकड आत्यापेक्षाही घट्ट होती.