तोंड उघडणारे शहारे सर

शहारे सर लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसालाही सांगायचे, "तीन बोटं उभी धर अन् तोंडात घाल." सडक अर्जुनीच्या एका लग्नात त्यांनी हे थेट नवरदेवाच्या मामाला सांगितलं. मामाच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. एक बोट कसंबसं गेलं, दुसरं दातांवर अडलं. चार लोक हसले आणि मामा भडकला. "लगनात आला का दवाखाना खोलाले आला?"

सर पानात वरण घेत म्हणाले, "आज एक तरी जाऊन राहिलं. पुढच्या लगनात तेही जानार नाही. मंग पाइपानं जेवजो."

असं बोलायचा हक्क त्यांनी कमावला होता. मी नवेगाव बांधच्या दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या पहिल्या काही रुग्णांत ते होते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये लेथ मशीनवरचं टर्नरचं काम शिकवणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. "जयभीम मॅडम," हे शब्द मिटल्या दातांतून आले. जबड्याला काही झालं नव्हतं. वर्षानुवर्षं खर्रा चघळून गालांच्या आतली कातडी दोरासारखी ताठ झाली होती. तोंड बोटभर उघडत होतं. भाकरी सुटली होती, पेज तेवढी जात होती.

खर्रा बंद, हे मी आधी सांगितलं. मग लाकडी पट्ट्यांची चवड हातात दिली. दातांत धरायच्या, रोज एकेक वाढवायची, तोंड हळूहळू उघडतं. सरांनी चवड उलटसुलट करून पाहिली.

"हे तं कुल्फीच्या काड्या होत. माह्या तोंडाले बरफ समजल्या का तुमी?"

पण काड्या घेऊन गेले. महिन्याभरानं आले ते स्वतः लेथवर बनवलेलं यंत्र घेऊन: दातांत धरायच्या दोन पट्ट्या आणि मधे स्क्रू. मला दाखवायला म्हणून त्यांनी स्क्रू जरा जोरानं फिरवला आणि खालच्या दाताचा कोपराच तुटला. रक्त पाहून मी घाबरून ओरडले. सर रुमालात थुंकले. "दात माहा गेला, तुमी काऊन बोंबलून राहिल्या? चूक समजली ना आता. मानूस घाईत राहिला का जास्तच फिरवते. यंत्रानंच नाही म्हनलं पाह्यजे."

त्या एका वाक्यापायी त्यांनी कितीतरी नमुने मोडीत काढले. अखेर जमलं. ठरावीक जोर झाला की स्क्रू टक् आवाज करून जागच्या जागी फिरायचा, पट्ट्या पुढे सरकायच्याच नाहीत. रुग्णानं घरी स्वतः वापरावं, दाताला धक्का नाही. खर्रा सुटलेला, यंत्र रोजचं, आणि वर्षभरात सरांचं तोंड अडीच बोटं उघडायला लागलं. त्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी अख्खा आलूबोंडा एका घासात कोंबला आणि भर गर्दीत रडले. पुसले मात्र नाहीत डोळे.

पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा स्टाफरूममध्ये टिंगल झाली. कार्यालयाचा आक्षेपही आला की असा स्क्रू जुनाच आहे. सुनावणी संगणकावरून होती. वैद्यकीय काही विचारलं तर असावी म्हणून मी शेजारी बसले. अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं, "इसमें नया क्या है?"

सरांनी दोन्ही पट्ट्यांभोवती दोरा आवळून बांधला आणि स्क्रू फिरवत राहिले. टक्, टक्, टक्. दोरा शाबूत. "स्क्रू पुरानाही है साहब. हम कब बोले नया है? रुकना नया है."

पेटंट मिळालं. मागोमाग एका कंपनीचा माणूस गाडी घेऊन घरी आला. सगळे हक्क विकत हवे होते. सरांनी एवढंच विचारलं, "इकडं विकसान का? गोंदियात, देवरीत?" तो प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "इधर मार्केट नहीं है. बड़े शहरों के क्लिनिक के लिए है."

"ज्याचं तोंड बंद झालं तो इथं बसला आहे, अन् औषध तिकडं विकता? जा भाऊ, चहा पिऊन जा."

सरांचा धाकटा भाऊ चिडला. "विकाचं नोयतं तं पेटंट कायले घेतलं मंग?"

"दुसऱ्यानं घेऊन कुलूप लावू नये म्हनून."

त्यानंतर त्यांनी यंत्राचं ड्रॉइंग मागेल त्या आयटीआयला दिलं. पोरं लेथवर तेच बनवायला शिकली. आमच्या दवाखान्यात ती यंत्रं यायला लागली, शेजारच्या तालुक्यांतही गेली.

एकदा नेहमीच्या तपासणीला सर आले. मी आरसा आत घातला आणि गालाच्या पार मागे एक जखम दिसली. मी दिवा जवळ ओढला. सर माझ्याकडे पाहत म्हणाले, "कॅन्सर आहे ना?"

"तपासावं लागेल."

"तोंड उघडलं म्हनून दिसलं तरी. बंद असतं तं तुमी आत पाह्यलं असतं कसं?"

नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग गेला, जीभही थोडी गेली. बोलणं अस्पष्ट झालं. परत आल्यावर त्यांना आयटीआयच्या स्टोअरमध्ये टेबलाच्या कामावर बसवायचं ठरलं होतं. हे तर शाबूत आहेत, अशा अर्थानं सरांनी दोन्ही हात वर करून दाखवले आणि सरळ लेथपाशी जाऊन उभे राहिले. चेहऱ्यावरची शिवण झाकायला त्यांनी कधी रुमाल बांधला नाही. पोरांनी बघावं, हाच हट्ट.

दुखणं उलटलं तेव्हा मी भेटायला गेले होते. सर खाटेवर होते, त्यांच्या पत्नी सुशीलाबाई उशाशी. तेवढ्यात कंपनीच्या त्याच माणसाचा फोन आला. आजारपणाचं कळलं होतं म्हणे. आता तरी कुटुंबाचा विचार करा, असं सांगत होता. सुशीलाबाईंनी फोन स्पीकरवर टाकून सरांच्या तोंडाशी धरला. सरांनी मान उचलली, सगळी ताकद लावली आणि एक घोगरा, फाटका आवाज काढला. पलीकडचा म्हणाला, "जी? समझा नहीं."

सुशीलाबाईंनी फोन आपल्याकडे घेतला. "ते नाही म्हनून राहिले. तुमाले त्यायचं समजत नसन तं मी सांगतो. नाही."

सर हसले. उरलेल्या तोंडानं, पण हसले. पुढच्या आठवड्यात ते गेले.

पेटंट आता सुशीलाबाईंच्या नावावर आहे. फोन अजून येतात. उत्तर द्यायला त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.