आवतन दिलेले बैल

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही वर्गात कमी आणि मास्तरांच्या शेतात जास्त. तरी सही करतो, पेपर वाचतो, आणि कोणी मला गाढव समजून बोलायला लागला की पहिल्या वाक्यालाच ओळखतो. त्या साली असे पुष्कळ भेटले.

आमचं गाव परतवाड्याच्या पुढं, चिखलदऱ्याचा घाट लागायच्या अलीकडं. काळी जमीन, कपाशी, तूर, थोडी संत्री. चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं आमच्या अंगावर धूळ उडवत गेल्या. थांबल्याच तर रस्त्याच्या कडेला, आणि आतली माणसं उतरून आमच्या कपाशीत मोकळी होऊन यायची. मग एक संस्था आली आणि म्हणाली की हीच माणसं आता तुमच्या घरात थांबतील.

मारोतीच्या पारावर सभा झाली. बोलणारा पुण्याकडचा, दाढीवाला, खादीच्या सदऱ्यातला तरुण होता. आम्ही सगळे त्याला सर म्हणायला लागलो. तो म्हणाला, जगात कितीतरी गरीब देश पाहुण्यांच्या जिवावर उभे राहिले. पण पाहुणे आणायचे ते निसर्ग राखून, गाव राखून, आणि कमाई गावातच ठेवून. मला पटलं. खोटं कशाला सांगू, मान हलवणाऱ्यांत मी पहिला होतो.

माझ्या सुनेला माझ्याहून जास्त पटलं. पोरगा शेती पाहतो आणि ती बचत गट चालवते. मागच्या अंगणात तिनं दोन खोल्या बांधल्या, संडास-बाथरूमसकट. त्यासाठी माहेरची सोन्याची पोत मोडली. मी विचारलं, तर म्हणाली, "मामाजी, ह्या कपाशीनं आजवर आपल्या घरात कोणाचं भलं केलं, एक नाव सांगा. सांगतलं त मी खोल्या पाडतो."

मग संस्थेची शिकवणी सुरू झाली, की पाहुण्यांना घर जुनं दिसलं पाहिजे. नव्या सिमेंटच्या भिंती शेणानं सारवायला लावल्या. माझ्या आईचा जन्म शेणात हात घालण्यात गेला, बायकोचा अर्धा गेला, त्यातून सुटावं म्हणून घरात सिमेंट आलं, आणि आता सिमेंटवर शेण. ते धरेना. वाळलं की पोपडे पडायचे, की सून पुन्हा सारवायला बसायची. फ्रिजवर गोधडी टाकली. छपरावरची डिश उतरवली. पंचवीस वर्षांपासून मी पायजमा घालतो, तर मला धोतर नेसायला सांगितलं आणि लाल फेटा दिला. तसा फेटा आमच्याकडं वरातीतले बँडवाले बांधतात.

पाहुणे आले. सगळेच वाईट होते असं नाही. एक म्हातारी बाई तर माझ्या सुनेजवळ बसून वांगी चिरत होती. पण बाकीचे निसर्गाच्या गप्पा मारायचे आणि आमच्या विहिरीच्या पाण्याला ओठ लावायचे नाहीत. त्यांच्या बाटल्यांचा गोठ्यामागं ढीग झाला. मी जाळायला काढल्या तर सर म्हणाला, "काका, धूर होतो, जाळू नका."

"मग काय करू?"

"साठवून ठेवा. आपण त्यावर काहीतरी करू."

अजून तिथंच आहेत. त्यात साप राहतात.

एकदा एक पाहुणा वाकून माझ्या पायांच्या भेगांचे फोटो काढायला लागला. मी म्हटलं, थांबा, पाय धुऊन येतो. तर म्हणाला, नको नको, असेच पाहिजेत. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

पुढं जे झालं त्यात मात्र चूक माझी. एका संध्याकाळी त्या म्हातारीनं माझी बैलजोडी पाहिली, एक कबरा आणि एक पांढरा, आणि विचारलं की यांचा काही सण असतो का. मला चेव आला. सांगत बसलो, की पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकतो, हळद-तूप चोळतो, आणि त्यांच्या कानाशी म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं, माणसाला देतो तसंच. ते दिलं की दुसऱ्या दिवशी जू त्या खांद्यावर ठेवायचं नाही. धुवायचं, सजवायचं, पुरणाची पोळी खाऊ घालायची. माझ्या बापानं घरात मयत असतानाही हे मोडलं नाही.

सर मागं उभा राहून ऐकत होता. "काका, हे जबरदस्त आहे," म्हणाला. "शनिवारी पर्यटनाच्या गावांची यादी करणारे, तपासणीचे पाहुणे येणार आहेत. त्यांना हे दाखवू."

"पोळा होऊन तीन महिने झाले," मी म्हटलं. दिवाळीही होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती.

"त्यांना कुठं माहीत आहे?"

"बैलायले माहीत हाये."

"बैल कॅलेंडर बघतात का, काका?"

"तुमच्याहून बरं पायतात."

मी नाही म्हणून टाकलं. दोन दिवस सुनेच्या भाकरी थापण्याचा आवाज मोठा यायचा. तिसऱ्या दिवशी ताट समोर ठेवून खाली बसली.

"मामाजी, शनवारी येणारे लोक हो म्हणतीन त आपलं गाव यादीत येते. नाई म्हणतीन त संस्था दुसरं गाव पायते. माह्या दोन खोल्या हायेत, जाऊ द्या. पण गटातल्या बारा बाया माह्यावर भरवसा ठेवून हायेत. चार शब्दच त बोलाचे हायेत."

चार शब्द. मी स्वतःची समजूत घातली की तोंडानं म्हणू, मनात आणू नये. सिनेमातला नट रोज मरतो, खरा थोडाच मरतो. एकाहत्तर वर्षांचा माणूस आणि अक्कल ही.

शनिवारी तिघं आले, दोन गोरे आणि एक दिल्लीची बाई. ऊन उतरल्यावर गोठ्यासमोर खुर्च्या मांडल्या. मी फेटा बांधला. तूप मागितलं तर सर म्हणाला, "तेलावर भागवा, व्हिडिओत सारखंच दिसतं." मी घरात जाऊन तुपाची वाटी घेऊन आलो. पाणी गरम केलं, पळसाच्या पानांनी कबऱ्याचा खांदा शेकला, हळद-तूप चोळलं आणि शब्द म्हटले. कबऱ्यानं मान खाली घालून खांदा माझ्या हाताखाली आणखी पुढं केला, दर वर्षी करतो तसा. पांढरा बाजूला उभा राहून आपली पाळी पाहत होता.

बैलांना ते खरंच वाटलं होतं.

"काका, आवाज नीट आला नाही, पुन्हा एकदा," सर म्हणाला. मी पुन्हा आवतन दिलं. मग एका गोऱ्याला दुसऱ्या बाजूनं पाहिजे होतं, म्हणून तिसऱ्यांदा दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाच्या दारात टाळ्या ऐकल्या असत्या तर जसं वाटलं असतं, तसं वाटलं.

आणि लगेच सर पाहुण्यांकडं वळून म्हणाला, उद्या सकाळी सात वाजता याच बैलांच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून नदीवर जायचं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

"उद्या नाई जमत," मी म्हटलं.

"का?"

"आता तुमच्या डोळ्यांसमोर आवतन दिलं न."

"अहो काका, ते दाखवण्यापुरतं होतं."

"तुमच्यापुरतं असन."

दुसरी जोडी मागवावी तर गाव ट्रॅक्टरचं झालेलं. जोड्या तीनच उरल्या होत्या, आणि उरलेल्या दोन कापूस घेऊन परतवाड्याला गेल्या होत्या. सर घामाघूम होऊन फोन करत फिरला. सून मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली, त्या बाटल्यांच्या ढिगाजवळ.

"मामाजी, बैलायले काय समजते? नदी कोसभर बी नाई. एक चक्कर मारून आणा."

"बैलायले नसन समजत, मले समजते."

"मंग दिलं काहून आवतन?"

मी पायानं एक बाटली ढिगात सरकवली.

"तुमचा शब्द बैलाले लय मोठा," ती म्हणाली. "मले बी शब्द देला होता तुमी, पारावर, साऱ्या गावासमोर. मान हलवली होती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

ती चुकीचं बोलत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. आमचं गाव त्या यादीत आलं नाही, तेही आत्ताच सांगून टाकतो. तपासणीवाल्यांनी बंडीमुळं नाकारलं की भिंतींच्या पोपड्यांमुळं, की आधीच ठरलं होतं, देव जाणे. संस्था घाटाच्या पलीकडं गेली. एका खोलीत आता तुरीची पोती आहेत आणि दुसरीला कुलूप आहे. बारा जणींपैकी तिघी माझ्याशी बोलत नाहीत. मला सराची किळस येते, त्या टाळ्यांची येते, आणि लाल फेटा बांधून तीनदा तेच बोलणाऱ्या म्हाताऱ्याची सगळ्यांत जास्त येते. पाहुणा आला, पोटभर जेवला, त्याबद्दल चार पैसे देऊन गेला, यात मला आजही काही वावगं वाटत नाही. धंदा आहे, करावा. पण आवतन विकायला काढायचं नव्हतं, आणि ते बाहेर काढून दाखवणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. पुरण मला येत नाही. आयुष्यात कधी केलं नव्हतं. डाळ खाली लागली, गूळ जास्त झाला, पोळ्या फाटल्या. सून चुलीपाशी आली, पाहून गेली, हात लावला नाही. दोन्ही बैल हापशावर नेऊन धुतले. सात वाजता पाहुणे गळ्यात कॅमेरे अडकवून आले, तेव्हा बंडी जमिनीला टेकलेली होती आणि मी परातीत पोळ्या घेऊन गोठ्यात बसलो होतो.

सरानं विचारलं, "काका, हे काय?"

"जेवाले बोलावलं होतं, जेवून राहिले."

दिल्लीची बाई काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. सुनेनं पायात चप्पल घातली, माझ्याकडं न पाहता पाहुण्यांना म्हणाली, चला, मी नेतो पायी, आणि त्यांना घेऊन नदीच्या वाटेला लागली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी पाहिलं. मग करपलेला भाग काढून टाकला आणि पांढऱ्याच्या तोंडाशी पोळी धरली.