भिंगरी आणि मामांची म्हातारी

आमच्या ॲनिमेशनच्या स्टुडिओत भिंगरीला स्कॅनरवर बसवायची अक्कल कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. जिला बसल्या जागी दोन मिनिटं चैन पडत नाही, तिला दिवसभर बसायचं काम! चित्राचा कागद घ्यायचा, त्याच्या खालची तीन भोकं काचेच्या कडेला चिकटवलेल्या खुंट्यांवर बसवायची, झाकण पाडायचं, उजेड सरकून जाईपर्यंत थांबायचं, की पुढचा कागद. भोकं नीट बसली नाहीत तर पडद्यावर चित्र नाचतं. तेवढ्या थांबण्यातही ही बया काच पुसते, खुर्ची फिरवते, नाहीतर माझ्या टेबलाशी येऊन मी भरलेल्या रंगांना नावं ठेवून जाते. पण तिच्या हातून कागद वाकडा लागलाय, असं कधी झालं नाही.

ते कागद यायचे मामांकडून. तिचे सख्खे मामा, म्हणून आमचे सगळ्यांचेच मामा. आईवडिलांमागे त्यांनीच तिला वाढवलं. आमच्या फिल्ममध्ये एक म्हातारी आहे आणि तिची अवखळ नात. मामांनी म्हातारी हट्टाने मागून घेतली. "पोरीची धावपळ तरुणांनी काढावी," एवढंच बाईंना, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेला, म्हणाले. नात दुसऱ्या चित्रकाराकडे गेली.

मध्यंतरी भिंगरी फारच सैरभैर दिसायला लागली. डबा उघडायची आणि न खाताच बंद करायची. मी खनपटीलाच बसले, तेव्हा बोलली.

"मामाचा हात थरथरतो गं. कागदावर तेवढं कळत नाही, पण पडद्यावर मोठं झालं की रेघ न् रेघ कापते. बाईंनी पाहिलं तर घरी बसवतील त्याला."

"मग?"

"मग काय, साफ करते."

धूळ, खोडरबराचे डाग साफ करणं हे तिचं कामच. त्याच्या जोडीला ती मामांच्या रेषाही गुळगुळीत करून टाकत होती. संगणकात तशी सोय असते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण किती दिवस झाकणार? मामांना सांगितलंस का, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी निमूट रंग भरायला लागले.

आणि मग एक दिवस बाईंनी सगळ्यांना बोलावून म्हातारीचा तयार तुकडा लावला. म्हातारी रस्ता ओलांडत होती. चूक काढायला जागा नव्हती, पण जीवही नव्हता.

"मामा, ही म्हातारी नाही, चावी दिलेली बाहुली आहे," बाई म्हणाल्या. "असंच होणार असेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मामा पडद्याकडे बघतच राहिले. "हे मी काढलेलं नाही."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. भिंगरी माझ्या शेजारी उभी राहून नखं खात होती. मी तिला कोपराने ढोसलं.

"मामा, मी केलंय ते," ती म्हणाली. "तुझा हात थरथरतो. मी ते पुसत होते."

असं चारचौघांत सांगतात का? मला तिचा रागच आला. मामा तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला माहीत नाही होय?" ते हळूच म्हणाले. "म्हणून तर म्हातारी मागितली. म्हटलं, तिच्या अंगात खपून जाईल. आणि तू नेमकं तेवढंच पुसलंस!"

साफ न केलेली चित्रं संगणकात होतीच. भिंगरीने ती लावली. म्हातारी रस्त्याच्या कडेला थांबली, पाय पुढे टाकला, मागे घेतला. पिशवी धरलेला तिचा हात कापत होता. तिला मीच रोज रंगवत होते, तरी एखादी गाडी येऊन तिला उडवते की काय, अशी मला भीती वाटली.

"अहो, हीच तर हवी होती!" बाई एकदम खुलल्या. "मामा, मग नातही तुम्हीच करा ना. तिचा चित्रकार सोडून चाललाय."

नात म्हणजे जवळजवळ अर्धी फिल्म. भिंगरी मामांच्या कानाशी लागली. "घे ना. मी आहे. तिच्या रेषा साफ केल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

खरंच कळलं नसतं. मी तर जन्मात बोलले नसते.

"नको," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पळणारी पोर आता माझ्या हातून होणार नाही बाई. हात चालेल तोवर म्हातारी काढीन."

भिंगरीला रडू फुटलं. मलाही आवरेना. मामा मात्र बाईंच्याच तोंडाकडे बघत होते.

"म्हातारीला अजून कुठवर चालवायचंय, तेवढं सांगा."