भुऱ्याची सुई

माझ्या मामांनी आयुष्यभर दोनच कामं केली: शेती आणि माणसांना हादरे देणं. शेतीत त्यांना बेताचंच यश आलं. दुसऱ्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा माणूस समुद्रपुरात नव्हता, आणि हिंगणघाटपर्यंत शोधत गेलात तरी सापडला नसता. मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा नुकताच तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, त्यामुळे माणसानं कसं वागावं याबद्दल माझी मतं फार पक्की होती. पहिल्याच सकाळी डोळे चोळत गोठ्याकडे गेलो तर मामा बैलांपुढे बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मी तोंडाचा आ करून उभा राहिलो. "काऊन असा पाहून राह्यला? कापूस त्यायच्या मेहनतीचा हाये, भाव त्यायले समजू नये का?" असं म्हणून त्यांनी पान उलटलं. त्याच आठवड्यात त्यांनी आपला लग्नातला कोट शेतातल्या बुजगावण्याला घातला. जुन्या सदऱ्याला पाखरं भीत नाहीत, त्यांनाही माणसाची पत कळते, हा त्यांचा सिद्धान्त होता. मामी त्या कोटाकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "पाय बापू, माह्या नशिबात असा नवरा आला." तक्रारीत राग कमी आणि दमणूक जास्त होती.

मामांना साखरेची बिमारी होती. तिच्याशी ते नावडत्या व्याह्यासारखे वागत. आलाच आहे तर राहू दे, आपण विचारपूस करायची नाही. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिनची बाटली दिली होती, काचेची पिचकारी दिली होती आणि लघवी तपासायला एक निळं औषध दिलं होतं. ते नळीत घालून उकळायचं. निळं राहिलं तर बरं, हिरवंपिवळं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर धावा. बाटली घडवंचीवर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे आणि पुरलेलीच राहत असे. मामा बाजाराच्या दिवशी पेढे खात आणि घरी येऊन जेवणाच्या वेळी पोट बिघडल्याचं सांगत. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम बरी होईना, तेव्हा डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असं स्पष्ट सांगितलं. त्यावर हा गृहस्थ म्हणाला, "दुसरा हाये ना जी." डॉक्टर चिडले, मामी रडल्या आणि मी मास्तर असल्यामुळे उपदेश केला. मामांनी आम्हा तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी जिलबी आणली.

अशा या माणसाला हादरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते भुऱ्यामुळे. भुऱ्या हा मामांचा बोका, मातकट रंगाचा, रुंद तोंडाचा, दांडगट. त्या हिवाळ्यात तो बैलांच्या टाक्याला तोंड लावून इतकं पाणी पिऊ लागला, की बैलच बाजूला उभे राहून वाट पाहत. खायचा दुप्पट आणि वाळत चालला होता. मग तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून सशासारखा चालू लागला. आणि एका सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथे तो राखेच्या घमेल्यात लघवी करून उठला होता, तिथे मुंग्यांची रांग लागलेली मामांना दिसली. मामा बराच वेळ त्या मुंग्यांकडे पाहत उकिडवे बसले. मग उठले, राखेऐवजी घमेल्यात नदीचे बारीक धुतलेले गोटे भरले, भुऱ्याची वाट पाहिली, खाली साचलेलं नळीत घेतलं आणि आपल्या कधी न उघडलेल्या त्या निळ्या औषधात उकळलं. नळीतलं पाणी विटकरी झालं. नळी माझ्यापुढे धरून मामा म्हणाले, "बापू, माही बिमारी ह्याले लागली रे." ही बिमारी अशी एकाची दुसऱ्याला लागत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याला टोपलीत घालून, वरून घोंगडी बांधून, मामा मोटारीनं हिंगणघाटला निघाले. मी लाजेनं अर्धमेला होऊन बरोबर गेलो. डॉक्टर मामांना पाहून खूश झाले, शेवटी आलात म्हणाले. मामांनी टोपली टेबलावर ठेवून घोंगडी सोडली. त्या वेळचा डॉक्टरांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. "मी माणसांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले. मामा म्हणाले, "ढोरांच्या डॉक्टरले विचारलं. तो म्हणे मी बैलांचा. मंग ह्यानं जावं कुठं?" डॉक्टर मुळात भला माणूस. त्यांनी पुस्तकं चाळली, डोकं खाजवलं, औषध पातळ करून थेंबाएवढं द्यायला सांगितलं, भाकरी-दूध बंद करून अंडं आणि मांस सुरू करायला सांगितलं. सुई दिल्यावर खाणं चुकता कामा नये, अंग गळाल्यासारखं झालं तर लगेच गूळपाणी चाटवा, हे दोनदा बजावलं. शेवटी हळूच विचारलं, "आणि तुमची तपासणी?" मामा म्हणाले, "मले बोलता येते जी. काई झालं तर सांगीन. त्याले बोलता येत नाई."

पण घरी आल्यावर एक पेच पडला. भुऱ्या सुई पाहून टाक्याखाली जाऊन बसला. मामांनी खूप समजूत घातली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी सदरा वर केला, आपली पिचकारी भरली आणि भुऱ्याच्या देखत स्वतःच्या पोटात सुई टोचली. "पाय, मेलो का मी?" त्यांनी त्याला विचारलं. डॉक्टरांच्या रागानं, मामींच्या आसवांनी आणि माझ्या व्याख्यानानं जे झालं नव्हतं, ते एका बोक्यासाठी झालं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी गोठ्यात पोत्यावर दोघं समोरासमोर बसत. आधी मामा, मग मानेची कातडी चिमटीत धरून भुऱ्या. दोन नळ्या उकळल्या जात. भुऱ्याची नळी हिरवट झाली आणि स्वतःची पिवळी, तर मामा शरमून जात आणि पेढेवाल्याच्या दुकानावरून मान खाली घालून चालत. सहा महिन्यांत अंगठ्याची जखम भरत आली. भुऱ्याही टाचा उचलून चालू लागला.

मामींच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिरलं नव्हतं. भुऱ्याचं अंडं गोठ्यात तीन दगडांवर उकडलं जाई, आणि मामी नाकाला पदर लावून ते चालू देत. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे चालतं कसं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हे मांजर मेलं ना बापू, तर दुसऱ्या दिवसापासून तुहे मामा सुई नाई घेणार. मले पक्कं ठाऊक हाये. म्हणून ते मांजर जगलं पायजे." एवढं बोलून त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

मग पोळा आला. वर्षभर मामा कुठलाही उपास पाळत नसत, पण पोळ्याला बैलांच्या तोंडी पुरणपोळी पडल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. वडिलांपासूनची रीत होती. त्या दिवशी गोठा सारवून, रांगोळी घालून देवघरासारखा केलेला असे, तेव्हा तिथे अंडं उकडायचा प्रश्नच नव्हता. "आज आपण दोघंई बैलाईच्या मागून जेवू," असं मामांनी भुऱ्याला सकाळी सांगितलं. आणि सांगता सांगता, रोजचा नेम म्हणून, दोघांच्याही सुया उरकल्या. आधीच्या सगळ्या पोळ्यांना मामा उपाशी राहिले होते, पण तेव्हा ते सुईही घेत नव्हते. दोन्ही नियम एकाच दिवशी पाळायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मीही समोरच उभा होतो. शिकलेला माणूस, माझ्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी वेशीवरचं तोरण तुटून पोळा फुटला आणि रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल घेऊन मामा गोठ्याच्या दारात आले. मामी ताट घेऊन ओवाळायला उभ्या होत्या, आळीतली माणसं जमली होती. मामांचा चेहरा घामानं निथळत होता. ते पाय अडखळत आले, बैलाऐवजी खांबालाच गोंजारू लागले आणि उगीच हसले. मला वाटलं, मामा पिऊन आले. पोळ्याच्या दिवशी गावात पिणारे पुष्कळ असत, पण आमच्या घरी हे पहिल्यांदाच, तेही माझ्या शाळेच्या हेडमास्तरांच्या देखत. मी मामांना आत ओढू लागलो तेवढ्यात गव्हाणीकडे पाहून मामी ओरडल्या, "अवो, भुऱ्या पाहा." भुऱ्या गव्हाणीत आडवा पडला होता, मान लुळी, पाय झटके देत. मामा त्याच्यापाशी कसेबसे गेले, गुडघ्यावर कोसळले आणि जड जिभेनं एकच शब्द बोलले, "गूळ." तेव्हा कुठे मला कळलं की मामा प्यायलेले नव्हते.

गूळ आणायला मी घरात धावणार, तोवर मामी खाली बसल्या होत्या. त्यांच्या हातात नैवेद्याचं ताट होतं, बैलांना अजून न दाखवलेलं. त्यांनी एक पोळी फोडली, त्यातलं पुरण बोटावर घेतलं आणि ते बोट भुऱ्याच्या तोंडात घालून हिरड्यांवर चोळलं. अंडं नाकाला पदर लावून पाहणाऱ्या बाईनं. मग त्याच हातानं तीच पोळी मामांच्या तोंडात कोंबली. आळीतून "अगाई" असा आवाज उठला. कोणी म्हणालं, बैलाईच्या आधी मांजराले? मामींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "गिळा," त्या मामांना म्हणाल्या, "चावत नका बसू, गिळा." एक हात मांजराच्या तोंडात, एक नवऱ्याच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात जराही कापत नव्हता. बऱ्याच वेळानं भुऱ्यानं जीभ बाहेर काढून त्यांचं बोट चाटलं. मामांनी घाम पुसला, सगळ्यांकडे पाहिलं आणि बैलांना हात जोडून म्हणाले, "औंदा तुमी मागून, बाप हो." बैलांनी काही तक्रार केली नाही. गावानं मात्र वर्षभर केली.

भुऱ्या त्यानंतर दोन हिवाळे जगला. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी तो पोत्यावर निजला तो उठलाच नाही, काही त्रास न होता. मामांनी त्याला बोरीखाली पुरलं. मामी जेवल्या नाहीत. त्यांना कसली धास्ती होती ते मला ठाऊक होतं, कारण मलाही तीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही काहीतरी निमित्त काढून गोठ्याच्या दाराशी घुटमळत राहिलो. मामा आले, पोत्यावर बसले. माठाखालून आणलेली बाटली त्यांनी उजेडासमोर धरून पाहिली, हलवून पाहिली. मग सदरा वर केला आणि सुई घेतली. आम्ही पाहतोय हे लक्षात आलं तेव्हा जरा चिडूनच म्हणाले, "काऊन पाहून राह्यले? त्याच्या वाट्याचं उरलं हाये इच्यात. फेकून देऊ का मंग?"

मामी आत गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि त्या मांजरासाठी मोठ्यानं रडल्या. मामा नळी धुवत राहिले, आणि मला त्या दिवशी शाळेत जायला उशीर झाला.