आयचा पुढचा दात

भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरावरनं, कोवळ्या उन्हात गिरक्या घेत चाललेली विटी... अशी उंच गेली, की मीच कपाळावर हात धरून बघत राहिलो. जन्मात माझा टोला विटीला कदी लागला नव्हता. पोरं मला खेळात घेत ती हसायला मिळावं म्हणून. त्या दिवशी लागला. खळ्यावर आय सुपानं भात वारवत होती, वारा कुठनं येतो बघायला तिनं तोंड वर केलं — नि विटी तिच्या वरच्या, पुढच्या दातावर बसली. मी इकडं नाचतोय, "लागली रं, लागली!"

दात पडला नाय. रक्त आलं, थांबलं. आयनं मला मारलंसुद्धा नाय, त्याचंच मला जास्त भ्या वाटलं. पौषात दात काळसर पडायला लागला, आणि माघात, अंगणभर आंब्याच्या मोहराचा वास कोंदला होता तवा, दाताच्या मुळाशी गळू आलं नि ओठ पुरीसारखा फुगला.

बाईमाणसाचा एक दात, त्यात काय एवढं, असं तुमी म्हणाल. पण माझी आय धवलारीण. आमच्याकडं लग्नात हळदीपासनं धवले गायचे असतात, नि ते सांगणारी ती एक बाई तोंड उघडत नाय तोवर कुणी पुढच्या कामाला हात लावत नाय. आयचा आवाज काय कोकिळेचा नव्हता. पण शब्द... मांडवाच्या शेवटच्या मेढीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यालाबी एकेक शब्द भाताच्या दाण्यासारखा सुटा मिळायचा. ते सगळे शब्द त्या पुढच्या दातांना टेकूनच बाहेर पडत. आणि वैशाखात मावशीचं लग्न होतं — आयची धाकटी बहीण, आयनंच कडेवर घेऊन वाढवलेली. तिच्या हळदीला दुसऱ्या कुणी गावं, हे आयला सोसणारं नव्हतं.

लवंग झाली, डिकेमाली झाली. मग एक बाई आली, तिनं रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीनं दाताला दिला. त्या कडू धुरानं सगळं घर खोकलं, आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या ताटलीत बारीक पांढरे किडे पडले. मी सात मोजले. गावभर सांगत फिरलो, आयचा दात बरा झाला म्हणून. एक किडा तर मी करवंटीत पाळला, रोज त्याला भाताचं शीत घालायचो. तो काय जेवायचा नाय.

महिना गेला तरी ओठ तसाच. बापूस म्हणाला, "न्हाव्याला बोलावतो. चिमट्यानं उपटील, मोकळी होशील."

"तुमचे उपटा," आय म्हणाली. "तुमी कुठं गाता?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघालीच, नि मलाबी संगं ओढलं. आमचं गाव साजगावच्या अंगाला. तिथनं कर्जत म्हणजे उन्हं चांगली चढेपर्यंतची चाल. कर्जतला टेशनाजवळ रेल्वेच्या माणसांसाठी दवाखाना होता, आणि तिथला म्हातारा कंपौंडर मुंबईला एका दातांच्या साहेबाच्या हाताखाली होता, असं रुळावर कामाला जाणारी माणसं सांगत.

त्यानं आरसा घालून बघितलं. "बाई, हा दात आतनं मेलाय. काढून टाक."

"मेला तर मेला. उभा तर हाय ना?"

म्हातारा हसला. म्हणाला, साहेब एक काम करायचा — दाताला मागनं भोक पाडायचं, आतली कुजलेली शीर खरवडून काढायची, आतली नळी धुवायची नि भरून बंद करायची. "पण मी नुसतं बघितलंय, बाई. केलं कदी नाय."

"मग आज करा, दादा." आयनं पदर खोचला नि बाकावर बसली.

एवढी बारीक सळई त्याच्याकडं नव्हती. त्यानं एका मोडक्या घड्याळातली पोलादाची पट्टी काढली, नि कानशीनं घासत घासत केसासारखी केली. तेवढ्यात मी माझं शहाणपण सांगितलं, "सात किडे निघालेत, आता थोडेच असतील."

"ते बियांमधले कोंब रं, पोरा. दातात किडे नसतात."

म्हणजे मी महिनाभर एका बीला जेवू घालत होतो.

आयचा हात धरायला मला उभा केला. भोक पडलं, पू आला, त्याचा वास नाकात गेला... नि आडवा झालो तो मी. कंपौंडरनं काम टाकून आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं. तोवर आय तशीच आ करून, डोळ्यांतनं पाणी गळत, बसून होती.

तीन-तीन दिवसांनी आमी पाच वेळा गेलो. दर खेपेला दातात नवा कापूस, रुळाखालच्या लाकडांना फासतात तसल्या डांबरट वासाचं औषध लावलेला. जीभ लावायची नाय, गायचं नाय, अशी ताकीद. मग पळस फुललेल्या त्या वाटेनं परतताना आय एकेक ओळ नुसती पुटपुटायची, नि ती मला मोठ्यानं म्हणायला लावायची.

"मी कशाला गं? पोरं हसतील!"

"दात नाय राहिला तर मावशीला कोण गाईल? तू. म्हण."

चुकलो की पाठीत धपाटा. पोरं हसलीच. धवले म्हणणारा बाप्या त्यांनी कदी बघितला नव्हता. तरी दात राहू दे, असा नवस मी मनात केला तो आयसाठी नाय, खरं सांगतो, माझ्या अब्रूसाठी.

शेवटल्या खेपेला कंपौंडरनं कसलासा चीक तापवून आत भरला, वर कथील दाबलं. ओठ उतरला होता. हळदीच्या दिवशी मी मेढीआड लपून बसलो होतो, माझं नाव कुणी घेऊ नये म्हणून. आयनं दिवा लावला, एकदा जीभ दातावर फिरवली, आणि पहिली ओळ घेतली... सगळी. एक अक्षर सांडलं नाय. मावशी हळदीच्या अंगानं रडायला लागली, नि मेढीआड मीबी.

पुढं तो दात जांभळासारखा काळा झाला. बाकीचे गेले, तो राहिला. "मारून ठेवलाय, म्हणून टिकलाय," आय म्हणायची. ती गेली तवाबी तो तिच्या तोंडात होता.

आणि मी तिचा लेक! पहिल्याच कळेला न्हाव्याकडं पळालो. मग दुसरा, तिसरा... आता माझ्या तोंडात एक नाय. नातीचं लग्न ठरलंय, ती रोज दुपारी समोर येऊन बसते नि म्हणते, "आजा, पणजीचे धवले सांग." मी सांगतो. ती हसते, "आजा, नुसता वारा येतोय रं." मी परत सांगतो. चार ओळी तिला बसल्यात. पाचव्या ओळीत एक शब्द हाय, मला पक्का ठाऊक असलेला, पण माझ्या तोंडातनं निघताना त्याचं काय होतं कोण जाणे, तिला काय तो लागत नाय... नि तो नीट म्हणून दाखवील असं आता कुणी उरलं नाय.