पायरीवर बसलेले गृहस्थ

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, आई न्यूझीलंडला माझ्याकडे राहायला आली की रविवारी आम्ही ऑकलंडबाहेरच्या टेकडीवर बौद्ध ध्यानकेंद्रात जायचो. तिथली घंटा वाजवणारे गृहस्थ गोरे, सत्तरीचे, कायम गमबूट घातलेले. काहीही सांगा, ‘स्वीट ॲज’, म्हणजे तिथल्या बोलीत ‘झकास’, म्हणायचे आणि कामाला लागायचे. तरुणपणी कत्तलखान्यात कामाला होतो, एवढं एकदा आपणहून बोलले होते. जीव घ्यायचा नाही, हा केंद्राचा पहिला नियम. ते तर कोबीवरच्या गोगलगायीसुद्धा उचलून कुंपणापलीकडे सोडत.

एका रविवारी फाटकाशी गाडीखाली सापडलेला पॉसम तडफडत होता. झाडं ओरबाडणाऱ्या, पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या या मांजराएवढ्या प्राण्याची त्या देशात कुणालाच दया येत नाही. हे मात्र त्याच्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग फावडं आणून एका घावात त्याला संपवलं, आणि तिथेच पुरलं.

घंटा वेळेवर झाली. पण ते ध्यानाला आत आले नाहीत. बाहेर, आमच्या चपलांशेजारी, पायरीवर डोळे मिटून बसले. गुरुजींनी खुणेने बोलावलं, तर नुसती नकारार्थी मान हलवली.

निघताना आई मला म्हणाली, “सांग त्यांना, सोडवलंत बिचाऱ्याला. पुण्यच लागेल.”

मी इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता ‘स्वीट ॲज’ म्हणतील.

ते आईकडे बघत हळूच म्हणाले, “त्याला सोसवेना म्हणून मारलं, की मला बघवेना म्हणून? ते कळल्याशिवाय आत कसा येऊ?”