सहाव्या रिळाचे तज्ज्ञ

ज्याला दुसऱ्याची उसनवारी क्षणात ओळखता येते, त्याला स्वतःची उसनवारी दिसत नसते, की दिसूनही चालते? कोंढा गावच्या केवळरामांविषयी हा प्रश्न मला त्यांच्या नातीने, डिंपलने, विचारला. मी चित्रपटांवर वीस वर्षे लिहितो, म्हणून मला विचारला असावा.

केवळराम १९७२ ते २००८ या काळात तुमसरच्या एका चित्रपटगृहात यंत्रचालक होते. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटे. तो दिसला की दुसरे यंत्र सुरू करायचे. छत्तीस वर्षे त्यांनी पडद्याकडे पाहिले ते मुख्यतः या ठिपक्यासाठी. त्यामुळे शेकडो चित्रपटांपैकी त्यांना पक्के ठाऊक होते ते रिळांचे शेवट. मधला चित्रपट रिळे गुंडाळण्यात जाई. एवढ्या भांडवलावर ते निवृत्तीनंतर पंचक्रोशीतले चित्रपटतज्ज्ञ झाले.

टीव्हीवर नवा विनोदी चित्रपट लागला की घरातली माणसे हसण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहत. ते हसत नसत. नायक शेणात घसरला की चार बोटे वर करीत: चौथे रीळ. मग साल सांगत आणि निकाल देत: "चोट्टे सारे. एकाच्याही डोक्यात सोताचं काई नाई."

हे मत बहुतांशी बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे. आजचा विनोदी चित्रपट जुन्या लुगड्याची गोधडी शिवतो आणि पैठणी म्हणून विकतो. मात्र केवळरामांच्या लेखी 'मूळ' म्हणजे तुमसरला आधी लागलेले. त्या मुळालाही कुठे मूळ असेल, ही शंका यंत्रखोलीच्या भोकातून दिसण्याजोगी नव्हती.

जानेवारी २०१९ मध्ये भंडाऱ्यात महाविद्यालयांची विनोदी एकांकिका स्पर्धा झाली. कथा स्वतंत्र असावी, एवढीच अट. डिंपलची एकांकिका पहिली आली आणि नागपूरच्या अंतिम फेरीसाठी निवडली गेली. तिच्या वडिलांनी तिला एक मुभा दिली होती: नागपूर गाठलेस तर नाट्यशास्त्र शीक, नाहीतर बी.एड. कर.

तिची कथा अशी: मुलगी पाहायला निघालेला तरुण शिकलेला दिसावा म्हणून मित्राचा चष्मा लावतो. त्या चष्म्यातून त्याला काहीच दिसत नाही, आणि सासू समजून तो धान साठवण्याच्या बांबूच्या ढोलीच्या पाया पडतो. दुसऱ्या आलेल्या संघाचा दिग्दर्शक कैलाश याने हरकत घेतली की हा प्रसंग एका जुन्या चित्रपटातला आहे. तो चित्रपट परीक्षकांपैकी कोणी पाहिला नव्हता आणि त्याची प्रत कुठे मिळेना. विद्वानांच्या समितीने मग विद्वत्तेचा मार्ग पत्करला: कोंढ्याला गाडी पाठवून केवळरामांना आणवले. त्या समितीत मीही होतो. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून एकांकिका कोणाची, हे त्यांना सांगितले नाही. भंडाऱ्यात वसतिगृहात राहणारी त्यांची नात सभागृहात मागे बसली आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

कैलाशने प्रसंग सांगितला. तो पुरा होण्याआधीच सहा बोटे वर गेली.

"सहावं रीळ. बासष्टचा सिनेमा, दुसऱ्यांदा लागला तवा मीच चालवला. त्याच्यात कोट टांगाचा स्टँड होता. नट वाकला का ठिपका येते, बराबर त्या कोटावर. चोरी लपवाले स्टँडची ढोली केली बदमाशानं! कोन होय तो? समोर आना त्याले."

डिंपल उभी राहिली. "मी होय, आबाजी."

केवळरामांची बोटे वरच राहिली.

"पन हे तं तुमचंच होय ना?" ती म्हणाली. "कारधा गावाले आजीले पाहाले गेलते, तवाचं? मी पाचवीत होती तवापासून तुमीच सांगून राहिले."

एका वाक्यात सारे कबूल करता आले असते. केवळरामांनी खाकरून घसा साफ केला. "हो, माहंच होय. त्या सिनेमावाल्यानंच माहं उचललं."

"काकाजी, लगन कोन्त्या साली झालं तुमचं?" कैलाशने विचारले.

"शहात्तर."

"अन् सिनेमा बासष्टचा!"

स्पर्धेतल्या कोणत्याही एकांकिकेला मिळाला नव्हता एवढा हशा पिकला. डिंपलने तरीही आशा सोडली नाही. तिने सर्वांसमक्ष आजीला, गोदावरीबाईंना, फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आजी, आबाजी तुले पाहाले आले तवा चष्मा लावून होते का वो?"

"पाहाले? पाहाले तं त्याइचा मोठा भाऊ आलता. ह्याइचं तोंड मी मांडवातच पायलं."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई?"

"कायले बोलू? तेवढं सांगतानी तरी हे हासत होते घरात."

निकाल बदलला. केवळरामांनी समितीची शाल आणि नारळ स्वीकारला, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या वहीत डोकावून ताकीद दिली, "सहावं लिहा. सातवं नोका लिहू." मानधनाच्या पाकिटासह तज्ज्ञ सुखरूप घरी पोहोचले. जाताना गाडीत त्यांनी चालकाला ऐकवले की कैलाशने निरोप देताना कौतुकाने ऐकवलेला त्याच्या एकांकिकेचा शेवट दुसऱ्या एका चित्रपटाच्या नवव्या रिळातला आहे. समितीने त्यांना तेवढे मात्र विचारले नव्हते. कैलाशचा संघ नागपूरला गेला.

डिंपलने मला उसनवारीचा तो प्रश्न विचारला तो सभागृहाच्या पायऱ्यांवर, संहितेची सुरळी काखेत धरून. मी परिसंवादात बोलतो तसे काहीतरी बोललो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, हा तिचा सभ्यपणा.

जून २०२२ पासून ती पवनी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते.